पार्टिशन फंक्शन कुठून घ्यावं? सूत्र, बेरीज, हायट्रान, सीडीएमएस आणि एक्झोमोल यांची तुलना

नायट्रस ऑक्साइडच्या नेहमीच्या रूपाचं २९६ केल्विनला पार्टिशन फंक्शन किती? एका ठिकाणी उत्तर मिळतं ४९१ च्या आसपास, दुसरीकडे ५५४, तिसरीकडे ४९८५. तिन्ही बरोबर आहेत. पहिल्या आकड्यात रेणूचं नुसतं फिरणं मोजलंय. दुसऱ्यात कंपनं धरली, म्हणून पहिल्याला १.१२७ ने गुणलं. तिसऱ्यात दोन्ही नायट्रोजन केंद्रकांचे स्पिनही मोजले. प्रत्येकाच्या तीन अवस्था, म्हणून आणखी नऊपट.

म्हणजे ‘कोणाचा आकडा जास्त अचूक’ हा इथे पहिला प्रश्न नाहीच. हा आकडा वर्णपटातल्या रेषांच्या कोणत्या यादीशी जोडायचा, त्यात काय मोजलंय आणि तुमचं तापमान किती, यावर निवड ठरते. रेषांची तीव्रता एका घरची आणि पार्टिशन फंक्शन दुसऱ्या घरचं, असं झालं की नऊपटीची चूकही प्रोग्रॅम निमूटपणे छापून देतो. आलेख छान दिसतो, रेषा जागच्या जागी असतात, फक्त रेणूंची संख्या चुकलेली असते.

पार्टिशन फंक्शन, पाठ्यपुस्तकी भाषेत विभाजन फलन, म्हणजे रेणूच्या सगळ्या ऊर्जा पातळ्यांवरची एक बेरीज. प्रत्येक पातळीसाठी तिच्यातल्या समान ऊर्जेच्या अवस्थांची संख्या घ्यायची आणि तिला एक्स्प(−१.४३८८ × ई ÷ टी) ने गुणायचं. इथे ई म्हणजे प्रति सेंटीमीटरमधली ऊर्जा, टी केल्विनमध्ये. ही बेरीज म्हणजे क्यू. एका पातळीत किती टक्के रेणू आहेत हे काढताना भाजकात हाच क्यू बसतो. तापमान वाढलं की वरच्या पातळ्या भरू लागतात, क्यू वाढतो आणि खालच्या पातळ्यांच्या वाट्याला कमी रेणू येतात. किती वेगाने वाढतो ते रेणूच्या आकारावर ठरतं. सरळ रेषेतल्या रेणूंचा घूर्णनाचा, म्हणजे फिरण्याचा, क्यू टीच्या पहिल्या घाताने वाढतो, बाकीच्यांचा दीड घाताने, आणि कंपनं जागी झाली की घात आणखी चढतो.

आधी बघा, क्यू लागतोच का

एकाच रेणूच्या, एकाच समस्थानिक रूपाच्या दोन रेषांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून तापमान काढायचं असेल, तर क्यू दोन्हीकडे सारखाच असतो आणि कटतो. डायोड लेसरने ज्वालेचं तापमान मोजणारे नेमकं हेच करतात. तिथे दोन रेषांच्या खालच्या पातळ्यांच्या ऊर्जेतला फरक नीट निवडा, क्यूच्या तक्त्यांवर वेळ घालवू नका. त्याच मोजणीतून वायूचं प्रमाण काढायला गेलात की मात्र क्यू परत येतो. दोन वेगवेगळ्या समस्थानिक रूपांच्या रेषांची तुलना करत असाल तर तो पूर्ण कटत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या मुख्य रूपाचा क्यू २९६ केल्विनला २८६.०९ आहे आणि कार्बन-१३ असलेल्या रूपाचा ५७६.६४. ही दुप्पट जवळजवळ पूर्णपणे कार्बन-१३ च्या अर्ध्या स्पिनमुळे आहे.

आणखी एक उपयोग थोडा बाजूचा, पण प्रयोगशाळेत रोजच्या कामाचा. नुसतं प्रमाण मोजायचंय आणि नळीचं तापमान थोडं इकडेतिकडे होतं, तर अशी रेषा निवडावी जिची तीव्रता तापमानाने जवळजवळ बदलत नाही. क्यू जर टीच्या ‘एन’ घाताने वाढत असेल, तर अशा रेषेची खालची ऊर्जा सुमारे एन × टी ÷ १.४३८८ असते. २९६ केल्विनला सरळ रेणूसाठी हे २०६ प्रति सेंटीमीटर येतं, बाकीच्यांसाठी ३०९. १००० केल्विनला कार्बन डायऑक्साइडसाठी कंपनांमुळे एन अडीचच्या वर जातो, म्हणून तिथे खालची ऊर्जा सुमारे १८०० हवी. थंड नळीसाठी निवडलेली रेषा भट्टीतही चालेल असं समजणं इथे महागात पडतं.

पहिली वाट: हाताने सूत्र

सरळ रेणूसाठी: ०.६९५ × टी भागिले घूर्णन स्थिरांक बी (प्रति सेंटीमीटरमध्ये), आणि त्यात एक तृतीयांश मिळवा. वळलेल्या रेणूसाठी: ५.३३११ गुणिले दहाचा सहावा घात, गुणिले टीचा घन भागिले ए, बी, सी यांचा गुणाकार याचं वर्गमूळ, तिन्ही स्थिरांक मेगाहर्ट्झमध्ये. रेणूला सममिती असेल तर सममिती अंकाने, म्हणजे फिरवल्यावर रेणू जसाच्या तसा दिसतो अशा स्थितींच्या संख्येने, भागायचं.

कार्बन मोनॉक्साइडवर हे सूत्र कसं टिकतं ते बघा. बी आहे १.९२२५ प्रति सेंटीमीटर.

| तापमान (केल्विन) | नुसता भागाकार | अधिक एक तृतीयांश | पूर्ण बेरीज |
|---|---|---|---|
| १० | ३.६१५ | ३.९४९ | ३.९६८ |
| २९६ | १०७.०१ | १०७.३४ | १०७.४२ |
| १००० | ३६१.५ | ३६१.९ | ३८०.३ |

थंडीत नुसता भागाकार ९ टक्के कमी पडतो आणि एक तृतीयांश मिळवलं की चूक अर्ध्या टक्क्यावर येते. खोलीच्या तापमानाला दोन्ही चालतात. १००० केल्विनला दोन्ही ५ टक्के कमी, कारण २१४३ प्रति सेंटीमीटरचं कंपन जागं झालेलं असतं. ३००० केल्विनला खरा आकडा या सूत्राच्या दीडपटीहून जास्त निघतो.

कार्बन मोनॉक्साइड हा या सूत्राचा लाडका रेणू आहे, त्याच्यावरून बाकीच्यांबद्दल भरवसा धरू नये. पाण्याला वळलेल्या रेणूचं सूत्र लावा: २९६ केल्विनला स्पिनची चारपट धरून १७०.७ येतं, खरा आकडा १७४.५८. दोन टक्क्यांची ही तूट कंपनांची नाही, कारण १५९५ प्रति सेंटीमीटरचं कंपन खोलीच्या तापमानाला झोपलेलंच असतं. पाणी हलकं आहे, त्याच्या पातळ्या लांब लांब आहेत आणि फिरताना रेणू ताणलाही जातो. सूत्र पातळ्यांना सलग समजतं, तिथे ते चुकतं. हायड्रोजनची तर सूत्राने दैनाच होते: नुसत्या भागाकाराने ६.९ येतं, प्रत्यक्षात ७.६७.

कार्बन डायऑक्साइडची अडचण वेगळी. त्याचं वाकण्याचं कंपन ६६७ प्रति सेंटीमीटरला आहे आणि तेही दुहेरी. २९६ केल्विनला कंपनांचा गुणक १.०८४, २२० केल्विनला १.०२६. वातावरणाच्या वरच्या थराचं गणित करताना नुसतं २९६ ÷ २२० हे गुणोत्तर वापरलं तर साडेपाच टक्क्यांची चूक घुसते, आणि वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीत एवढी चूक म्हणजे मोजणीच वाया. १००० केल्विनला हाच गुणक तिनाच्या वर जातो.

सूत्र कशासाठी घ्यावं? दुसऱ्या कुठून आणलेला आकडा पडताळायला. तक्त्यातला क्यू सूत्राच्या नेमका दुप्पट, तिप्पट, चौपट किंवा नऊपट निघाला तर त्यात स्पिन मोजलाय. १.१ किंवा १.४ असा मधलाच गुणक दिसला तर कंपनं. अंतिम उत्तरात सूत्र वापरू नये.

दुसरी वाट: स्वतः बेरीज

कमी तापमान आणि साधा रेणू असेल तर ही वाट सगळ्यात स्वच्छ आहे. १० केल्विनला कार्बन मोनॉक्साइडची बेरीज वहीच्या अर्ध्या पानावर होते. खालून वर एकेक पातळी घ्या: १, १.७२५, ०.९५१, ०.२५३, ०.०३६, ०.००३. बेरीज ३.९६८. सहा पदांत काम संपलं. त्यातच दिसतं की १० केल्विनच्या ढगात सगळ्यात खालच्या पातळीत रेणूंचा जेमतेम चौथा भाग असतो आणि तिच्या लगेच वरची पातळी सगळ्यात जास्त भरलेली असते, १०० पैकी ४३. ११५ गिगाहर्ट्झची प्रसिद्ध रेषा याच दोन पातळ्यांमधली.

यात चुका होतात त्या ठरलेल्या. एक, अवस्थांची संख्या (२जे+१) विसरणं; जे म्हणजे घूर्णनाचा क्वांटम अंक, ०, १, २ असा वाढणारा. दोन, ऊर्जा केल्विनमध्ये असताना पुन्हा १.४३८८ ने गुणणं. तीन, बेरीज लवकर थांबवणं. सरळ, कडक रेणूसाठी हिशोब सोपा आहे: जितक्या ऊर्जेला थांबलात तिला १.४३८८ ने गुणून टीने भागा, त्याचा ऋण एक्स्पोनेन्शियल म्हणजे राहून गेलेला भाग. हजारात एकची अचूकता हवी तर हा भागाकार ७ पर्यंत न्यावा लागतो. वळलेल्या रेणूंना १० धरा. कंपनं भरपूर असतील तर १५ लाही बेफिकीर राहू नये, कारण वर जावं तशी पातळ्यांची दाटी वाढत जाते.

चौथी चूक लवकर लक्षात येत नाही. प्रयोगातून सापडलेल्या पातळ्यांची यादी घेऊन बेरीज केली, तर न सापडलेल्या पातळ्या शून्य धरल्या जातात. खाली यादी भरगच्च असते, वर विरळ. खोलीच्या तापमानाला आकडा अगदी जुळतो आणि १५०० केल्विनला तो चुपचाप कमी पडतो. तापमान दुप्पट करून क्यू किती वाढला ते बघा. वळलेल्या रेणूत वाढ दीड घातापेक्षा किंवा सरळ रेणूत पहिल्या घातापेक्षा मंदावत असेल, तर रेणूचं काही बिघडलेलं नाही, तुमची यादी संपलीय.

तिसरी वाट: हायट्रान आणि टिप्स

अवरक्त पट्ट्यात काम, पृथ्वीचं किंवा तत्सम वातावरण, वायूची नळी, लेसर: यांपैकी काहीही असेल तर फार शोधाशोध न करता हीच वाट घ्या. हायट्रान १९७३ पासून चालत आलेली रेषांची यादी आहे, आज ती हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या खगोलभौतिकी केंद्रात सांभाळली जाते. तिच्या जोडीचे क्यूचे तक्ते म्हणजे टिप्स. ते मॅसॅच्युसेट्स लोवेल विद्यापीठातल्या रॉबर्ट गमाश यांच्या गटाने केले, आणि २०१७ व २०२१ साली त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. हायट्रानच्या संकेतस्थळावर प्रत्येक समस्थानिक रूपासाठी एकेका केल्विनच्या पायरीने तक्ता मिळतो. पायथॉनमध्ये हॅपी, म्हणजे हायट्रानचीच प्रोग्रॅम-लायब्ररी, वापरत असाल तर रेणूचा क्रमांक, रूपाचा क्रमांक आणि तापमान दिलं की आकडा हातात. तक्त्यांचे फाइल क्रमांक मात्र वेगळेच, सगळ्या रेणूंच्या रूपांना सलग दिलेले असतात. पहिला पाण्याचा, कार्बन मोनॉक्साइडचा २६ वा. रेणूचा क्रमांक आणि हा क्रमांक यांची गल्लत केली तर दुसऱ्याच रेणूचा क्यू वापरला जातो.

इथे तीव्रता २९६ केल्विनसाठी दिलेली असते. दुसऱ्या तापमानाला नेताना तीन गुणक लागतात: क्यू(२९६) ÷ क्यू(टी), खालच्या पातळीच्या लोकसंख्येचं गुणोत्तर, आणि उत्तेजित उत्सर्जनाचा गुणक. शेवटचा गुणक अवरक्तात जवळजवळ १ असतो म्हणून लोक गाळतात, आणि मग तोच कोड मिलिमीटर लहरींना लावतात. तिथे तो साधारण २९६ ÷ टी इतका मोठा असतो. ५० केल्विनला जवळजवळ सहापट.

हायट्रानचं सुख हे की क्यूचे दोन्ही आकडे एकाच तक्त्यातले, स्पिनसकट आणि कंपनांसकट. गुणोत्तरात स्पिन कटतो, त्यामुळे ‘त्यांनी स्पिन कसा धरला’ याची काळजी तीव्रता फिरवताना उरत नाही. ती उरते आइनस्टाइनच्या ए गुणांकावरून (वरच्या पातळीतून आपोआप प्रकाश बाहेर पडण्याच्या वेगावरून) तीव्रता काढताना. कार्बन-१३ मोनॉक्साइडचा हायट्रानमधला क्यू २२४.६९ आहे, कारण त्यात स्पिनची दुप्पट आहे. वरच्या पातळीच्या अवस्थांची संख्याही मग दुप्पटच धरली पाहिजे. दुसऱ्या यादीतून (२जे+१) उचललं की तीव्रता बरोबर निम्मी येते. बरोबर निम्मं किंवा बरोबर दुप्पट उत्तर आलं की पहिला संशय इथे घ्यावा. हायट्रानच्या तीव्रतेत नैसर्गिक समस्थानिक प्रमाणही आधीच गुणलेलं असतं. कार्बन-१३ ने समृद्ध केलेला नमुना भरलात तर त्या प्रमाणाने भागायला हवं. त्यात क्यूचा काही दोष नाही, पण खापर त्याच्यावर फुटतं.

जुन्या प्रोग्रॅममध्ये टिप्सच्या जागी तिसऱ्या घाताची बहुपदं सापडतील, ७० केल्विनपासून पुढे तुकड्या-तुकड्यांनी बसवलेली. तुकड्याच्या बाहेर ती वाटेल तशी वळतात. असा कोड सापडला तर डागडुजी करत बसू नका, तेवढा भाग काढून तक्ता लावा.

हायट्रान कुठे सोडावं? उच्च तापमानाला. टिप्सचा क्यू २००० केल्विनलाही चांगला आहे, तोकडी पडते ती रेषांची यादी. क्यू वाढल्यामुळे रेणू वरच्या पातळ्यांत विखुरतात, आणि तिथून निघणाऱ्या बहुतेक रेषा खोलीच्या तापमानासाठी केलेल्या यादीत नाहीतच. परिणामी वायू खऱ्यापेक्षा पारदर्शक दिसतो. पाणी, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन यांच्यासाठी मग हायटेम्प (हायट्रानचीच उच्च तापमानासाठीची यादी) किंवा एक्झोमोलकडे वळावं.

चौथी वाट: सीडीएमएस आणि जेपीएल

रेडिओ आणि मिलिमीटर खगोलशास्त्रात या दोन याद्यांशिवाय चालत नाही. एक जर्मनीत कोलोन विद्यापीठात, दुसरी पॅसाडिनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत. तीव्रता ३०० केल्विनला, दहाच्या लॉगमध्ये. क्यू मोजक्या तापमानांना: ३००, २२५, १५०, ७५, ३७.५, १८.७५, ९.३७५ केल्विन. सीडीएमएस अनेक रेणूंसाठी याच्या वरचे आणि खालचेही काही बिंदू देतं. मोठ्या सेंद्रिय रेणूंसाठी पर्याय नाहीच, आणि वापरणारे सगळ्यात जास्त फसतात तेही इथेच.

पहिला प्रश्न, दोन बिंदूंच्या मधला आकडा कसा काढायचा. वळलेल्या रेणूचा क्यू टीच्या दीड घाताने वाढतो. ७५ आणि १५० च्या मध्ये ११० केल्विनला सरळ रेषेने आकडा काढला तर तो ४ टक्क्यांनी जास्त येतो. ३७.५ आणि ७५ च्या मध्ये ५० केल्विनला साडेचार टक्क्यांनी. म्हणून तापमान आणि क्यू दोन्हींचा लॉग घेऊन मग सरळ रेषा. सरळ रेणूसाठी मात्र उलट: कार्बन मोनॉक्साइडला ५० केल्विनला साधी सरळ रेषा १८.४१६ देते, लॉगवाली १८.४३५, खरा आकडा १८.४१५. फरक किरकोळ आहे, पण ‘लॉगच नेहमी बरं’ हे खरं नाही. सीडीएमएसच्या वरच्या टोकापलीकडे किंवा खालच्या टोकाखाली रेषा वाढवू नका. खाली बेरीज स्वतः करा, ती तिथे सोपीच असते.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. या याद्यांमधली तीव्रता, यादी बनवताना जो क्यू(३००) घेतला त्याने भागलेली असते. अनेक नोंदींमध्ये त्या क्यूत कंपनं नसतात, फक्त तळच्या कंपन-अवस्थेचं घूर्णन असतं. नोंदीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

समजा रेणूला १३० प्रति सेंटीमीटरचं एक पिळाचं कंपन आहे. मिथिल फॉर्मेटमध्ये मिथिल गटाचा पीळ साधारण याच ऊर्जेला आहे. साध्या आंदोलकाप्रमाणे धरलं तर ३०० केल्विनला कंपनाचा गुणक २.१६ आणि १५० केल्विनला १.४०. आता १५० केल्विनच्या उष्ण गाभ्यासाठी, म्हणजे तारा जन्मतो तिथल्या ढगाच्या तापलेल्या, दाट भागासाठी, तीव्रता काढायची आहे. तीन जण तीन प्रकारे काढतात.

पहिला यादीतलेच दोन्ही क्यू घेतो. कंपनं कुठेच नाहीत, म्हणून त्याची तीव्रता १.४ पट जास्त येते आणि रेणूंची संख्या तेवढ्याच पटीने कमी. दुसरा जास्त काळजी घेतो, कुठूनतरी कंपनांसकट पूर्ण क्यू मिळवतो आणि क्यू(३००) ÷ क्यू(टी) या भागाकारात वर-खाली दोन्हीकडे तोच घालतो. त्याची तीव्रता २.१६ पट जास्त येते! चांगला क्यू घेऊन उत्तर आणखी वाईट, कारण यादीची तीव्रता त्या पूर्ण क्यूने भागलेली नव्हतीच. बरोबर रीत तिसरी: वरचा क्यू(३००) यादी बनवताना वापरलेला, जसाच्या तसा. खालचा क्यू(टी) पूर्ण, कंपनांसकट, आणि स्पिनची मोजणी यादीसारखीच. म्हणजे व्यवहारात यादीचाच क्यू(१५०) घ्यायचा आणि त्याला १.४० ने गुणायचं.

रोटेशन डायग्रॅममधून (पातळ्यांच्या लोकसंख्येचा लॉग आणि त्यांची ऊर्जा यांच्या आलेखातून) रेणूंची संख्या काढत असाल तरी हेच लागू. रेषेचा उतार तापमान देतो, त्याला क्यू लागत नाही. छेदाचा लॉग उतरवून आलेला आकडा क्यूने गुणला जातो, आणि तिथे कंपनांचा गुणक राहून गेला तर उत्तर तेवढ्याच पटीने कमी. १० केल्विनच्या थंड ढगात हा गुणक १ च असतो, म्हणून थंड ढगांवर काम केलेल्यांना तो विसरण्याची सवय लागते. मग तोच कोड उष्ण गाभ्याला लावला जातो.

पाचवी वाट: एक्झोमोल

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जोनाथन टेनिसन आणि सर्गेई युरचेन्को यांनी उभी केलेली ही यादी उष्ण वातावरणांसाठी आहे: दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह, थंड तारे, ज्वाला. इथे पातळ्या क्वांटम गणिताने काढलेल्या असतात, त्यामुळे प्रयोगात न सापडलेल्याही मोजल्या जातात. क्यूची फाइल दोनच स्तंभांची: तापमान आणि क्यू. स्पिनची मोजणी हायट्रानसारखीच पूर्ण, म्हणून दोघांचे क्यू थेट ताडून बघता येतात. खोलीच्या तापमानाला ते जुळले नाहीत, तर रूप चुकीचं निवडलंय असं समजा.

रेषांच्या फाइली अवाढव्य असतात. पाण्याच्या २००६ च्या बीटी२ यादीत २ लाख २१ हजार पातळ्या आणि ५० कोटींहून जास्त रेषा आहेत, २०१८ च्या पोकझाटेल यादीत जवळजवळ ६०० कोटी. पण नुसता क्यू हवा असेल तर रेषांना हातही लावायला नको, छोटी फाइल पुरते. आणि स्वतः बेरीज करायची इच्छा असेल तर पातळ्यांची फाइल घ्या: तिच्यात प्रत्येक ओळीवर ऊर्जा आणि स्पिनसकट अवस्थांची संख्या लिहिलेली असते.

याच क्यूचा आणखी एक मोठा उपयोग आहे. यादी किती तापमानापर्यंत विश्वासाची, ते त्यावरून कळतं. यादीतल्या ज्या पातळ्यांपासून रेषा सुरू होतात तेवढ्यांचीच बेरीज करा आणि पूर्ण क्यूने भागा. भागाकार ०.९८ आला तर २ टक्के रेणू यादीच्या बाहेर आहेत. ०.७ आला तर त्या तापमानाला ती यादी वापरू नका. बीटी२ ३०,००० प्रति सेंटीमीटरपर्यंत जाते, पोकझाटेल ४१,००० पर्यंत. ३००० केल्विनला, वरच्याच मापाने, हे १४ आणि २० च्या जवळपास येतं, म्हणजे दोन्ही पुरतात. त्याहून उष्ण ताऱ्यासाठी दुसरी बरी. मिथेनची २०१४ ची वायटी१०टू१० यादी १५०० केल्विनपर्यंतसाठी केलेली आहे. २५०० केल्विनला ती चालवली तर प्रोग्रॅम तक्रार करणार नाही, पण मिथेन कमी शोषतो असं दिसेल.

एक्झोमोलचा तोटा अचूकतेचा, पण तो रेषांच्या जागांचा आहे, क्यूचा नाही. क्यूला पातळी एक-दोन प्रति सेंटीमीटर इकडेतिकडे झाली तरी काही वाटत नाही. त्यामुळे क्यू एक्झोमोलचा आणि रेषा हायट्रानच्या, ही जोडी जमते, कारण दोघांची मोजणीची पद्धत एक आहे. क्यू एक्झोमोलचा आणि तीव्रता सीडीएमएसची, ही जोडी जमत नाही, जोवर वरचा क्यू(३००) सीडीएमएसचाच ठेवून स्पिनचा गुणक स्वतः जुळवला नसेल.

कोणत्या कामाला काय

वायूची नळी, हवेचा नमुना, उपग्रहावरून वातावरण: हायट्रान आणि टिप्स. इंजिन, भट्टी, ज्वाला: रेषा हायटेम्पच्या, क्यू टिप्सचा. उष्ण ग्रह आणि थंड तारे: सगळंच एक्झोमोलचं. थंड ढगातला साधा रेणू: सीडीएमएसच्या रेषा, आणि क्यू स्वतः बेरीज करून, यादीच्या ३०० केल्विनच्या आकड्याशी ताडून. उष्ण गाभ्यातला मोठा सेंद्रिय रेणू: सीडीएमएस किंवा जेपीएल, माहितीपत्रक वाचून, कंपनांचा गुणक वेगळा लावून. ३०० च्या जागी २९६ टाकणं ही लहान चूक वाटते. कार्बन मोनॉक्साइडमध्ये ती सव्वा टक्क्याहून जास्त भरते.

आणि एक जागा अशी आहे जिथे यांतली कुठलीच वाट तशीच्या तशी चालत नाही. क्यूच्या बेरजेत सगळ्या पातळ्या एकाच तापमानाला एकमेकींशी देवाणघेवाण करतात असं धरलेलं असतं. हायड्रोजनच्या ऑर्थो (दोन्ही केंद्रकांचे स्पिन एकाच दिशेने) आणि पॅरा (उलट दिशेने) रूपांमध्ये ती देवाणघेवाण अतिशय मंद असते. २० केल्विनला तोल साधलेला हायड्रोजन जवळजवळ पूर्ण पॅरा असायला हवा आणि क्यू १.००२, पण बाटलीतून काढून थंड केलेला वायू तीनास एक या जुन्याच प्रमाणात राहतो. पाणी, अमोनिया आणि फॉर्माल्डिहाइड यांच्याबाबतीतही थंड ढगांत हाच प्रश्न येतो. तिथे ऑर्थो आणि पॅरा हे दोन वेगळे रेणू समजावेत, प्रत्येकाची बेरीज वेगळी करावी आणि प्रत्येकाची ऊर्जा कुठल्या शून्यापासून मोजलीय ते तपासावं. ऑर्थोची सगळ्यात खालची पातळी कुणी शून्यावर ठेवतं, कुणी पॅराच्या शून्यापासून मोजतं. क्यू आणि रेषेची खालची ऊर्जा यांचा शून्य एकच असला तर दोन्हींपैकी कुठलीही पद्धत चालते. प्लाझ्मामध्ये कंपनाचं तापमान आणि घूर्णनाचं तापमान वेगळं असतं, तिथे क्यूही दोन भागांत तोडून, प्रत्येकाला त्याचं तापमान देऊन गुणावा लागतो. एका टीसाठी छापलेला तक्ता तिथे कामाचा नाही.